आधी कोणाचे अपग्रेड?

घरातल्या एका संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला तास-दीड तास पुरतो. हजारो संगणक बाळगणाऱ्या बँकेला, रुग्णालयाला किंवा सरकारी खात्याला त्याच कामाला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, आणि तरीही शेवटी काही यंत्रे मागे राहतातच. नवे सॉफ्टवेअर एकाच वेळी सगळीकडे धाडणे आता अवघड राहिलेले नाही. ते बसल्या जागेवरून होते. खरी मेहनत ते अडवून धरण्यात जाते. आधी कोणाच्या यंत्रावर चढवायचे, मग कोणाच्या, कोणते तूर्त वगळायचे आणि बिघडलेच तर मागे कसे फिरायचे, हे ठरवण्यात महिने जातात. २०१७ आणि २०२४ या दोन्ही साली जगभर संगणक आडवे झाले. पहिल्या वेळी कारण दिरंगाईचे होते, दुसऱ्या वेळी घाईचे.

अपग्रेड कायमचे टाळता येत नाही, कारण प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमला मुदत असते. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा सपोर्ट संपला. विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही, आणि गोची तिथेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक नेहमीसारखा सुरू होतो, पावत्या छापल्या जातात, साहेबांना काही फरक जाणवत नाही. थांबते ते एवढेच, की नवी भोके सापडली तरी ती बुजवणारे पॅच येत नाहीत. उलट नव्या आवृत्तीसाठी निघालेला पॅच उलगडून पाहिला, की जुन्या आवृत्तीत तेच भोक कुठे आहे हे हल्लेखोराला आयते समजते. अशा वेळी खरेदीचा प्रस्ताव मंजूर करून घेणे फार जड जाते. चालू असलेली वस्तू बदला असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

पॅच आणि अपग्रेड यांचे वेळापत्रक वेगळे असते. अपग्रेड काही वर्षांनी येते, पॅच दर महिन्याला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार पॅचसाठी ठरवून टाकला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की ते प्रसिद्ध होतात. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. पुण्यात हिंजवडीला किंवा नवी मुंबईत ऐरोली-महापेला बसून परदेशी ग्राहकांचे संगणक सांभाळणाऱ्यांना हा मंगळवार तारखेसकट पाठ असतो. त्या रात्री लगेच कोणी पॅच मारत नाही. आधी कोणते भोक किती गंभीर ते वाचायचे, मग चाचणीच्या यंत्रांवर चढवून बघायचे, मग शनिवार-रविवारच्या रात्री सर्व्हर बंद ठेवण्याची परवानगी घ्यायची. त्यासाठी बदलांना मंजुरी देणाऱ्या चेंज बोर्डापुढे कागद जातो. बदल काय, किती वेळ लागणार, फसला तर मागे कसे यायचे आणि तो निर्णय रात्री किती वाजता कोण घेणार, हे सगळे त्यात लिहावे लागते. शेवटचा रकाना भरलेला नसेल तर अनुभवी बोर्ड कागद तसाच परत करते. बँकांत मार्चअखेरीला आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांत दिवाळीच्या तोंडावर ‘फ्रीझ’ लागतो; त्या दिवसांत अगदी निकडीचे असेल तेवढेच होते.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न साधा आहे: संस्थेकडे संगणक आहेत तरी किती? महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. खरेदीची तारीख, किंमत, पावती क्रमांक हे त्यात बिनचूक सापडते. यंत्रावर कोणती आवृत्ती आहे, रॅम किती, शेवटचा पॅच कधी बसला, आणि ज्या टेबलाच्या नावावर ते आहे त्या टेबलावर ते आहे का, हे रजिस्टराला माहीत नसते. त्यासाठी प्रत्येक यंत्रात एक छोटा प्रोग्राम, म्हणजे एजंट, बसवतात. तो आपली हजेरी मध्यवर्ती सर्व्हरला लावत राहतो. मायक्रोसॉफ्टचा सिस्टम्स मॅनेजमेंट सर्व्हर १९९४ साली याच कामासाठी आला. त्याचाच पुढचा अवतार एससीसीएम या नावाने संगणक विभागांच्या तोंडी आहे, आणि आता हे काम इंट्यूनसारख्या क्लाउडवरच्या सेवांकडे सरकते आहे. रजिस्टरातला आकडा आणि एजंटांनी कळवलेला आकडा सहसा जुळत नाही. काही यंत्रे कपाटात पडून असतात, काही बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेलेली असतात, काहींची हार्डडिस्क बदलताना एजंट परत टाकायचे राहून गेलेले असते. ‘९५ टक्के काम पूर्ण’ असा अहवाल वाचताना म्हणून एक विचारावे लागते: हे टक्के कशाचे? ज्यांची हजेरी लागते त्यांचे, की असायला हव्यात त्या सगळ्यांचे? हल्लेखोराला बहुतेक वेळा हजेरी न लावणारे यंत्रच सापडते.

मोजदाद झाली की यंत्रे एकसारखी करण्याचा प्रश्न येतो. नव्वदच्या दशकात यासाठी ‘इमेज’ मारण्याची पद्धत रूढ झाली. एक संगणक हवा तसा तयार करायचा, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. न्यूझीलंडमध्ये तयार झालेले घोस्ट हे सॉफ्टवेअर त्यात इतके रुळले, की काही वर्षे इमेज मारणे म्हणजे ‘घोस्ट करणे’ असेच म्हटले जाई. या पद्धतीत प्रत्येक मॉडेलचे ड्रायव्हर वेगळे, म्हणून प्रत्येक मॉडेलची इमेज वेगळी. दरवर्षी एल-वन निविदेतून जो स्वस्त पडेल तो संगणक घेणाऱ्या संस्थेत पाच वर्षांत आठ-दहा मॉडेले जमतात आणि इमेज सांभाळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. खरेदीत वाचवलेले पैसे इथे वेगळ्या खात्यातून खर्च होतात, त्यामुळे ते कोणाला दिसत नाहीत. अलीकडच्या पद्धतीत इमेज लागत नाही. विक्रेता यंत्राचा क्रमांक संस्थेच्या नावावर आधीच नोंदवतो. कर्मचारी घरी खोके उघडतो, इंटरनेट जोडतो, आणि यंत्र आपण होऊन संस्थेची धोरणे, पासवर्डचे नियम व सॉफ्टवेअर खेचून घेते. मायक्रोसॉफ्टचे ऑटोपायलट २०१७ साली आले. ॲपलची अशी सोय त्याच्या आधीपासून होती.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे एकवेळ सोपे, तिच्यावर चालणारे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर चालेल याची खात्री करणे जिकिरीचे. मोठ्या संस्थेत शेकडो प्रोग्राम असतात, त्यातले कित्येक लिहिणारे निवृत्त झालेले असतात. ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. काही संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडत नसत. तो १५ जून २०२२ रोजी बंद झाल्यावर एज ब्राउझरात त्याची नक्कल करणारा ‘आयई मोड’ ठेवावा लागला, आणि तो किमान २०२९ पर्यंत राहील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयांना आणि मुद्रणालयांना याचा वेगळाच अनुभव आहे. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल फाँट आले. त्याआधीपासून पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी अशा प्रणालींवर मराठी टंकलेखन चालत होते. या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत; फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की आदेशाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. संगणक बदलायचा म्हणजे वर्षानुवर्षांचे पत्रव्यवहार, ठराव आणि मसुदे रूपांतरित करायचे. छपाईच्या धंद्यात तर पेजमेकर हे पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर ठाण मांडून बसले होते. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट बसायला सीएस६, म्हणजे २०१२ साल उजाडावे लागले. दिवाळी अंकांची पाने लावणाऱ्या कित्येक ठिकाणी म्हणूनच एक एक्सपीचे यंत्र कोपऱ्यात जपून ठेवलेले असे. असे यंत्र ठेवायला हरकत नाही, फक्त त्याला नेटवर्कपासून तोडावे लागते. मग फाइल पेन ड्राइव्हने ये-जा करते आणि पेन ड्राइव्हबरोबर व्हायरसही, हा भाग वेगळा.

नेटवर्कपासून तोडताच येत नाही अशा जुन्या यंत्रांचे भारतातले ठळक उदाहरण एटीएमचे आहे. बाहेरून ते तिजोरीसारखे दिसते. आत एक साधा पीसी असतो, आणि तो तिजोरीत नसून वरच्या कप्प्यात, निराळ्या कुलपामागे असतो. एक्सपीची मुदत संपून चार वर्षे झाली तरी देशातल्या एटीएमवर ती चालूच होती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना याची जाणीव करून दिली, आणि काम हलत नाही असे पाहून २१ जून २०१८ रोजी टप्पेच ठरवून दिले. ऑगस्ट २०१८ पर्यंत बायोस पासवर्ड घालायचा, यूएसबी पोर्ट बंद करायचे, ऑटो-रन काढायचे. त्यानंतर सप्टेंबरअखेर किमान २५ टक्के एटीएमवर सपोर्ट असलेली ऑपरेटिंग सिस्टीम, डिसेंबरअखेर ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जूनअखेर सगळी. यूएसबी पोर्टचा उल्लेख उगाच आलेला नाही. वरचा कप्पा उघडून पेन ड्राइव्ह लावला की नोटा बाहेर काढण्याचा हुकूम देणारे मालवेअर आत टाकता येते, असे प्रकार अनेक देशांत घडले होते.

देशात सुमारे दोन लाख एटीएम. त्यांतली बरीचशी बँकेच्या नावाची असली तरी चालवायला ठेकेदारांकडे दिलेली, अनेक ठिकाणी जोडणी उपग्रहाच्या मंद लाइनवरची. काही गिगाबाइटची ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यावरून जाणे शक्य नव्हते. इंजिनिअरने डिस्क घेऊन गावोगाव जायचे एवढाच मार्ग उरला. तिथे कप्पा उघडल्यावर कळायचे, की आतल्या पीसीचा प्रोसेसर नवी सिस्टीम पेलणारा नाही. मग ‘पीसी कोअर’, म्हणजे आतला संपूर्ण संगणकच बदलायचा. नोट मोजणारे, कार्ड वाचणारे, पावती छापणारे भाग नव्या सिस्टीमशी बोलतात का हे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मॉडेलवर तपासायचे. एवढी उस्तवार करून ज्या बँकेने विंडोज ७ निवडली, तिला जून २०१९ च्या मुदतीनंतर जेमतेम साडेसहा महिने मिळाले. जानेवारी २०२० मध्ये त्या आवृत्तीचाही सपोर्ट संपला. नियमाच्या अक्षराला जागून केलेल्या अपग्रेडचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. किती वर्षे टिकेल हे न बघता ‘सपोर्ट आहे ना’ एवढेच बघितले की असे होते.

कोणाचे यंत्र आधी हा क्रम लावण्याची रूढ पद्धत ‘रिंग’ची आहे. पहिल्या रिंगमध्ये संगणक विभागाची स्वतःची यंत्रे. दुसरीत प्रत्येक खात्यातले थोडे स्वयंसेवक. इथे चूक होते ती अशी, की उत्साही आणि संगणकात हुशार माणसेच निवडली जातात. त्यांची यंत्रे नवी असतात आणि अडले तर ती स्वतः वाट काढतात. लेखा विभागातली जुना प्रिंटर आणि तीन मॅक्रो घेऊन बसलेली व्यक्ती दुसऱ्या रिंगमध्ये नसेल तर त्या रिंगला अर्थ नाही. तिसरीत बहुसंख्य लोक, आणि शेवटी रोखपाल, अतिदक्षता विभाग, नियंत्रण कक्ष. दोन रिंगमध्ये आठवड्या-दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात, म्हणजे महिनाअखेरीलाच दिसणारे बिघाड दिसायला वाव मिळतो. विंडोज १० अपग्रेडनंतर साधारण दहा दिवस जुनी प्रत जपून ठेवते. तोवर मागे फिरता येते, पुढे सगळे नव्याने टाकावे लागते.

आधी थोड्यांवर चाचणी घेऊनही चूक निसटू शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची १८०९ ही आवृत्ती सोडली आणि चारच दिवसांत मागे घेतली. ज्यांनी आपले ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते, त्यांच्यापैकी काहींच्या जुन्या जागेतल्या फाइली अपग्रेडने पुसून टाकल्या होत्या. चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी हे आधीच कळवले होते, पण तक्रारी मोजक्या असल्याने त्या गर्दीत दबल्या. पुढे कंपनीने तक्रार नोंदवतानाच तिचे गांभीर्य सांगण्याची सोय केली. किती जणांना झाले यापेक्षा काय झाले याला महत्त्व द्यायचे, हे चार दिवसांत आवृत्ती मागे घेण्याची वेळ आल्यावर सुचले.

म्हणून थांबावे, तर थांबण्याचाही हिशेब असतो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी फाइल शेअरिंगमधल्या एका भोकाचा पॅच दिला. महिन्याने त्या भोकाचा वापर करणारे हत्यार इंटरनेटवर उघड झाले, आणि १२ मे रोजी वॉनाक्राय हे खंडणी मागणारे मालवेअर पसरले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टांना, म्हणजे रुग्णालये व आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थांना, त्याची झळ बसली. लेखापरीक्षकांच्या अहवालानुसार लागण झालेल्या सगळ्याच संस्थांकडे पॅच न मारलेली किंवा मुदत संपलेली विंडोज होती. गाजावाजा एक्सपीचा झाला, पण लागण झालेल्यांत विंडोज ७ची यंत्रे फार मोठ्या संख्येने होती. म्हणजे पॅच हाताशी होता, तो मारायला माणसे पोचली नव्हती. बाराशेवर रोगनिदान उपकरणांनाही संसर्ग झाला. अशा उपकरणात विंडोज असते खरी, पण तिला रुग्णालयाने हात लावला तर उत्पादक जबाबदारी झटकतो. त्याच्या मंजुरीशिवाय पॅच नाही, आणि मंजुरीला वेळ लागतो. असे उपकरण वेगळ्या नेटवर्कवर ठेवणे एवढेच रुग्णालयाच्या हाती राहते.

दीड महिन्यातच, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या हा दुसरा हल्ला आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि एका पॅच नसलेल्या यंत्रावरून पासवर्ड उचलून पॅच असलेल्या यंत्रांतही घुसला. मर्स्क या जहाज कंपनीबरोबर तिच्या समूहाचे न्हावा शेव्याचे टर्मिनल थंडावले, आणि तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनरची कामे हाताने करण्याची पाळी आली. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगेमान स्नाबे यांनी पुढे सांगितले, की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. एरवी ज्या कामाला दीड-दोन वर्षांचा आराखडा लागतो ते दहा दिवसांत झाले. अर्थात तेव्हा मागे फिरण्यासारखे काही उरले नव्हते.

१९ जुलै २०२४ची गोष्ट याच्या उलटी. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक छोटी फाइल पोचली. फाइलमधली माहिती एकविसावे मूल्य मागत होती, सॉफ्टवेअरकडे वीसच होती. सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने त्याच्याबरोबर अख्खे यंत्र कोसळले. १० वाजून ५७ मिनिटांनी फाइल मागे घेतली गेली, पण तेवढ्या सव्वा तासात जगभरातली सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर येऊन थांबली होती. भारतीय विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत बँका व वित्तसंस्था मिळून दहा ठिकाणी किरकोळ अडथळे आढळले. यात खटकणारी बाब अशी, की अनेक संस्थांनी शहाणपणाने ‘एक आवृत्ती मागे’ राहण्याचा पर्याय निवडला होता. तो पर्याय सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला लागू होता; ही फाइल ‘मजकूर’ या सदरातली असल्याने ती सगळ्या रिंग ओलांडून थेट सगळ्यांकडे गेली. दुरुस्ती सोपी होती, पण यंत्रापाशी जाऊनच करायची होती: सेफ मोडमध्ये सुरू करा, एक फाइल पुसा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल तर त्यासाठी ४८ आकडी किल्ली लागे, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोच निळा पडलेला होता. त्यानंतर क्राउडस्ट्राइकने मजकूरही टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली.

फोन आणि टॅबलेटचे व्यवस्थापन बहुतांशी दूरस्थच असते. ॲपलने २०१० साली आयओएस ४ बरोबर अशा व्यवस्थापनाची, म्हणजे एमडीएमची (मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट), सोय दिली. आता संस्था आपल्या देखरेखीखालच्या आयफोनवर नवी आवृत्ती ९० दिवसांपर्यंत अडवू शकते. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर कामाचा कप्पा वेगळा ठेवता येतो, आणि नोकरी सुटली की तेवढाच पुसता येतो. पण यंत्रच तोकडे असेल तर कोणतेही व्यवस्थापन कामाला येत नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये दिलेले फोन दोन जीबी रॅमचे होते. २०२१ मध्ये नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले; फोन तापू लागले, अडकू लागले, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर पडला, आणि मराठीत नीट काम करता येत नाही ही तक्रार होतीच. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी फोन सरकारला परत केले. फोनची खरेदी करणारे आणि ॲप बदलणारे यांच्यात ‘हे त्यावर चालेल का’ हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर बरेच काही टळले असते.

तोच प्रश्न आता विंडोज ११ने विचारला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चालू स्थितीतली असंख्य यंत्रे नियमाबाहेर गेली. ज्या संस्थांना ती एकदम बदलणे परवडत नाही त्यांना पैसे भरून विंडोज १०चे पॅच घेता येतात. पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, आणि तेही जास्तीत जास्त तीन वर्षे. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. तेवढ्यात एक साधा नवा संगणक येतो. कुठे पैसे भरायचे, कुठे यंत्र बदलायचे आणि कुठे लिनक्स टाकून भागवायचे हा हिशेब प्रत्येक संस्थेला यंत्रागणिक मांडावा लागतो.

बदललेले यंत्र संस्थेतून बाहेर पडेपर्यंत व्यवस्थापन संपत नाही. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात. समिती यंत्र निरुपयोगी ठरवते, लिलाव होतो, रजिस्टरात लाल शाईने शेरा पडतो. त्याआधी डिस्क पुसली गेली पाहिजे. नुसते फॉरमॅट मारून माहिती जात नाही. शिवाय ऑटोपायलटच्या किंवा ॲपलच्या यादीतून यंत्राचा क्रमांक काढावा लागतो, आणि ते फक्त मूळ संस्थाच करू शकते. ते राहिले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप घेणारा ग्राहक डिस्क बदलतो, विंडोज नव्याने टाकतो, इंटरनेट जोडतो, आणि समोर पहिल्या मालकाचे नाव येऊन त्याच्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड मागितला जातो.